पोट पाहिल्याशिवाय

माझ्या थोरल्या दिराला मी माफ केलेलं नाही आणि करायचा विचारही नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुठे मी त्याच्याबद्दल बरं बोलले तर तुम्ही उगाच गैरसमज करून घेणार नाही.

विल्हो कांगास त्याचं नाव. आमच्या टिलर्स हेड गावच्या धक्क्याला लागून मासळी डबाबंद करायचा कारखाना होता, तिथे सरकत्या पट्ट्यासमोर उभं राहून त्यानं जन्म काढला. समोरून ट्यूना सरकत यायचा आणि डाग दिसला की विल्हो तो उचलून मागच्या पिंपात भिरकवायचा. चांगल्या माशाला तो हात लावत नसे. कारखाना बंद पडला, पण याचा हात काही थांबला नाही. माणसं, केक, चर्चमधलं गाणं, माझं सॅमनचं कालवण, सगळं त्याच्यापुढून सरकत जायचं आणि याला तेवढा डाग दिसायचा. लग्न झालं नाही. कारखान्यातल्याच एकीनं धीर करून त्याला नाचाला बोलावलं होतं म्हणे, तर हा तिच्या पायांकडे बघून म्हणाला, "तुझा उजवा बूट जास्त झिजलाय, लंगडतेस का?" ती पुढे एका सुताराशी लग्न करून सुखात राहिली. लंगडत नव्हती.

असल्या माणसाला भुंग्यांचा नाद लागला. त्यात नवल काही नाही, ओरेगनच्या या किनाऱ्यावर तो पुष्कळांना आहे. वर्षातला बराचसा काळ आम्ही पावसात आणि धुक्यात काढतो, आणि जून आला, समुद्राकाठचे कडे फुलले की अर्धं गाव जाळी आणि काचेच्या नळ्या घेऊन बाहेर पडतं. कुठल्या जातीचे केसाळ भुंगे कुठे दिसले याची नोंद करायची, ती वर, अभ्यासकांकडे पाठवायची. आम्ही मात्र भुंगी म्हणतो, कारण फुलांवर राबताना दिसतात त्या बहुतेक माद्याच.

आमच्या कड्यावर दोन जाती अशा, की वरून बघाल तर शपथेवर सांगाल एकच आहे. डोकं पिवळं, खांदे पिवळे, शेपटीच्या जरा वर एक पिवळा पट्टा आणि बाकी सगळी काळी मखमल. एक जात पैशाला पासरी, माझ्या वाफ्यातल्या वाटाण्यावरसुद्धा. दुसरी दिवसेंदिवस दिसेनाशी होत चाललेली. फरक पोटाला. एकीचं पोट कुळकुळीत काळं, दुसरीच्या पोटावर पिवळे केस. गालही म्हणे किंचित लांब असतो, पण भुंगीचा गाल मोजायला विल्होसारखी नजर आणि विल्होसारखा रिकामा वेळ लागतो. शास्त्रातली नावं जिभेला झेपत नाहीत म्हणून आमच्या घरात त्या काळपोटी आणि पिवळपोटी.

तेव्हा भुंगी उलटी केल्याशिवाय काही कळत नाही. नळीत घ्यायची, बर्फाच्या पेटीत ठेवायची, गारठून सुस्त झाली की उताणी करून भिंगाखाली धरायची. पाहून झालं की उन्हात ठेवायची. जराशानं अंग थरथरवते, उठते आणि शिव्या दिल्यासारखी गुणगुणत निघून जाते. जूनच्या शेवटच्या शनिवारी सगळी मंडळी आपापल्या पेट्या घेऊन गावच्या सभागृहात जमतात, कॉफी असते, वेलचीचा गोड पाव असतो, आणि खिडकीजवळच्या टेबलाशी विल्हो. त्याला कोणी निवडलं नव्हतं. पण नोंद वर पाठवण्याआधी त्याच्या भिंगाखालून गेली नाही तर ती खरी वाटायचीच नाही. तो 'हो' क्वचित म्हणायचा. बाकी सगळ्यांना एकच: "पोट पाहिल्याशिवाय नाही." आणि पोट पाहिल्यावर, "नाही."

माझा नवरा ओन्नी त्याचा धाकटा भाऊ. खेकड्यांच्या बोटीवर आयुष्य गेलं, आवाज मोठा, हसणं मोठं, आणि स्वतःच्या डोळ्यांवर भलता विश्वास. दोघं भाऊ दर शनिवारी आमच्या परसातल्या सॉनामध्ये वाफ घ्यायला बसायचे आणि आतून भांडणाचा आवाज थेट रस्त्यापर्यंत यायचा. लाल होऊन बाहेर पडायचे, ते वाफेनं की रागानं हे सांगता येत नसे. मला ते आवडायचं. शनिवार आहे हे त्या आवाजावरून कळायचं.

एका जूनमध्ये ओन्नी सभागृहात शिरला तो ओरडतच. "सापडली! दीपगृहाच्या जुन्या कुंपणापाशी, पिवळ्या झुडपांत! पिवळपोटी!" आमच्या कड्यावर ती तोवर कोणालाच मिळालेली नव्हती. सगळे कप खाली ठेवून टेबलाभोवती जमले. विल्होनं नळी घेतली, भिंग लावलं, भुंगी इकडून तिकडून फिरवली.

"काळपोटी आहे," तो म्हणाला. "पोटाला पराग लागलाय."

"पराग? डोळे फुटलेत का तुझे? केस आहेत ते!"

"ओल्या ब्रशनं पुसू. गेला तर पराग, राहिले तर केस."

"का पुसायचं? मी सांगतोय ना!"

"तू सांगतोस म्हणून तिचं पोट पिवळं होत नाही."

लोक हसले. हसायला नको होतं, पण हसले. ओन्नीचे कान लालभडक झाले. "आईनं तुलाच एकदा उताणा करून बघायला हवा होता," तो म्हणाला, "आत काळीज नाही हे तेव्हाच कळलं असतं." नळी शर्टच्या खिशात कोंबून तो चालता झाला, आणि मी अर्धा पाव हातात घेऊन त्याच्यामागे.

भुंगी खिशातल्या उबेनं घरी येईपर्यंत मेली. ओन्नीनं ती टाचणीवर टोचून तंबाखूच्या रिकाम्या डबीत ठेवली आणि डबी चुलीवरच्या फळीवर. तिथून पुढे विल्हो आमच्या सॉनात आला नाही. एकच गाव, एकच दुकान, एकच चर्च, आणि दोघं भाऊ एकमेकांना ओलांडून जायचे ते दिव्याच्या खांबाला ओलांडावं तसे. कोणी मध्यस्थी केली तर ओन्नी म्हणायचा, "आधी त्यानं हो म्हणावं, मग धुऊ." विल्हो म्हणायचा, "आधी धुवा, मग म्हणतो." भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब आणि केस वाळवायचं यंत्र, एवढ्यानं निकाल लागला असता. एकदा चिडून मी डबी खाली घेतली, तर ओन्नी असा ओरडला की मला वाटलं घराला आग लागली. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की त्यालाही खात्री नाही. खात्री असती तर त्यानं पहिल्याच दिवशी धुतली असती.

वर्षं गेली तशीच. मग ओन्नीच्या फुप्फुसांनी दगा दिला. डॉक्टरीण सरळ होती, म्हणाली, उन्हाळा बघतील, शरद ऋतूचं सांगता येत नाही. आम्ही पलंग पुढच्या खोलीत खिडकीशी आणला. ओन्नीला बोलायला दम पुरेना, पण जे बोलायचा ते फिरून फिरून तिथेच यायचं.

"विल्होनं एकदा हो म्हणावं," तो म्हणाला. "मी असताना. मेल्यावर म्हणून काय उपयोग?"

म्हणून मी विल्होकडे गेले. आयुष्यात कोणाकडे काही मागायला गेले नव्हते, आणि त्याच्याकडे तर नाहीच. तो मागच्या ओट्यावर धुतलेल्या नळ्या लाकडी घोडीवर उलट्या लावत होता. ये म्हणाला नाही, बस म्हणाला नाही.

"ओन्नी चाललाय," मी म्हटलं.

"माहीत आहे."

"माहीत आहे आणि घरी बसलायस?"

"मला बोलावलं नाही कोणी."

"मी बोलावतेय. ये आणि एवढंच म्हण, की ती पिवळपोटी होती. एक शब्द. हो."

त्यानं एक नळी उजेडात धरून पाहिली. "धुतली का?"

माझ्या डोक्यात सणक गेली. "माझा नवरा मरतोय, आणि तू विचारतोस धुतली का?"

"न धुता कसं म्हणू?"

"तोंडानं म्हण! जीभ हलवायची, त्यात काय कारखाना चालवायचाय?"

"हिल्मा, मी एकदा न बघता हो म्हटलं, तर इतकी वर्षं म्हटलेल्या सगळ्या नाहींचं काय?"

"काय व्हायचंय त्यांचं? काय दिलं तुला त्यांनी? एक खुर्ची, एक पलंग, एक कप! दुसरा कप आहे का घरात? मी आले तर मला कॉफी कशात देशील?"

खरंच एकच कप होता, ओट्याच्या कठड्यावर पालथा घातलेला. मला त्याची कीव यायला हवी होती. मला आणखी राग आला. निघताना मी नळ्यांची घोडी ढकलून दिली. मुद्दाम. सांगायला मला लाज वाटत नाही.

त्यानंतर काही दिवस तो कड्यावर दिसतो असं लोक सांगत होते, पहाटेपासून, दीपगृहाच्या कुंपणापाशी. आणि मग एका मंगळवारी दुपारी आमच्या दारात उभा राहिला. अंगात चर्चचा काळा कोट, हातात बर्फाची पेटी. मी बाजूला झाले.

भावाला त्यानं कित्येक वर्षांनी जवळून पाहिलं. ओन्नीचं काय उरलंय ते बघून त्याचा चेहरा जरा हलला, मग पुन्हा जागेवर आला.

"त्याच कुंपणापाशी मिळाली," विल्हो म्हणाला. तो भिंतीवरच्या घड्याळाशी बोलत होता. "पिवळपोटी. तिथे आहेत त्या. म्हणजे तुझीही तीच असणार. तेव्हा… हो."

मला रडू फुटायच्या बेतात होतं. चूल पेटवून कॉफी ठेवावी म्हणून मी वळले, तोच ओन्नी म्हणाला, "दे इकडे. भिंग कुठंय?"

उशीला टेकून त्यानं नळी खिडकीकडे धरली. गारठलेली भुंगी उताणी पडली होती, पाय पोटाशी घेऊन. ओन्नीनं तिच्याकडे पाहिलं. मग भिंग खाली घेऊन भावाकडे पाहिलं, बराच वेळ.

"हिल्मा," तो म्हणाला, "तो रंगाचा बारीक ब्रश आण. ओला करून."

मी आणला. त्यानं भुंगी तळहातावर घेतली आणि पोटावरून ब्रश फिरवला, एकदा, दोनदा. ब्रशचं टोक पिवळं झालं. पोट काळं.

"नाही," ओन्नी म्हणाला.

तो शब्द त्यानं असा चघळून उच्चारला, की जणू इतकी वर्षं तोंडात धरून ठेवला होता. "नाही. पराग आहे. तुला दिसला नाही?"

"दिसला," विल्हो म्हणाला.

"मग?"

विल्होनं माझ्याकडे बोट दाखवलं. "हिनं सांगितलं."

"अरे मेल्या!" मी म्हटलं.

"हिनं सांगितलं हो म्हण. खरी शोधली, मिळाली नाही. मग ही घेतली."

ओन्नीनं ब्रश भावाकडे रोखला. "जन्मात एकदा खोटं बोलायला निघालास, आणि तेही इतकं गचाळ? निदान दोन चिमटी पराग नीट तरी लावायचास! आणि कोट घालून? खोटं बोलायला कोट घालतात का रे?" त्याला धाप लागली, पण गालांवर रंग आला होता. एवढ्यात तळहाताच्या उबेनं भुंगी जागी झाली आणि काचेवर जाऊन धडका देऊ लागली. मी खिडकी उघडली. ती गेली.

"आता ती डबी काढ," ओन्नी म्हणाला.

"नको," मी म्हटलं.

"काढ म्हणतोय ना. आज मी त्याला नाही म्हटलंय. आता मला भीती नाही."

मला होती. मी कढईएवढ्या वाडग्यात कोमट पाणी घेतलं, साबणाचा थेंब टाकला आणि टाचणीला धरून ती जुनी वाळकी भुंगी आत हलवली. दोघांकडे माझी पाठ होती. देवाला म्हटलं, एवढी एकच पिवळी राहू दे, पुन्हा काही मागणार नाही. पाणी आधी गढूळ झालं. मग पिवळं. मोडली म्हणून सांगावं असं मनात आलं, बोटांत चुरडून टाकायला कितीसा वेळ लागतो. पण खोटं बोलणारा एक माणूस नुकताच पकडला गेला होता, आणि माझ्या अंगात तर कोटही नव्हता. मी यंत्रानं तिचे केस वाळवले, ते फुलून आले, आणि तिला ओन्नीच्या हातात दिलं.

त्यानं पाहिलं.

"काळी," ओन्नी म्हणाला. एवढंच. मग टाचणी भावापुढे केली.

आता या क्षणी कोणीही माणूस काय करेल? हात धरेल. काही नाही तर गप्प बसेल. विल्होनं भिंग डोळ्याला लावलं, पोट पाहिलं, गाल पाहिला, पुन्हा पोट पाहिलं आणि म्हणाला, "मी तेव्हाच सांगितलं होतं."

मी तो वाडगा उचलला आणि त्याच्या डोक्यावर ओतला.

सगळा. साबण, पराग, इतक्या वर्षांची धूळ, सगळं त्या चर्चच्या कोटावर. विल्हो हलला नाही. नाकाच्या शेंड्यावरून थेंब पडत होते, कानाशी फेस होता, आणि हातातली भुंगी तेवढी त्यानं वर धरून कोरडी ठेवली होती. आणि मग मला ओन्नीचं हसणं ऐकू आलं. ते मोठं हसणं, जे मी हिवाळ्यापासून ऐकलं नव्हतं. हसता हसता खोकला, खोकता खोकता हसला. मी धावले तर मला हातानं दूर सारून म्हणतो, "पुन्हा कर, हिल्मा, पुन्हा कर!"

दम परत आल्यावर म्हणाला, "सॉना तापव. भिजलाय तो."

शनिवार नव्हता. तरी मी तापवला. ओन्नीला आत जायची मनाई होती, म्हणून मी त्याला घोंगडीत गुंडाळून बाहेरच्या बाकावर बसवलं. विल्हो आत वाफेत, हा बाहेर, आणि मधल्या बंद दारातून दोघं भांडत होते. आवाज रस्त्यापर्यंत गेला नाही, ओन्नीचा आता तेवढा पोहोचत नव्हता. पण मला स्वयंपाकघरात ऐकू येत होता.

त्यानंतर विल्हो रोज भांडायला येऊ लागला. ऑगस्ट सरता सरता ओन्नी गेला. दफनाच्या वेळी पाद्री म्हणाले, दिवंगत ओन्नी शांत आणि सोशिक स्वभावाचे होते. मागच्या रांगेतून विल्हो स्पष्ट म्हणाला, "नाही." सगळ्यांनी माना वळवल्या. कोटावर तो पिवळा डाग तसाच होता. त्या एका नाहीसाठी मात्र मी त्याला घरी नेऊन कॉफी पाजली.

पण माफ केलं नाही. ती वर्षं कोण परत देणार आहे? एका ब्रशच्या फटकाऱ्याची ती गोष्ट होती. दोघांचीही चूक होती हे मला कळतं, पण एक मेला आहे, त्यामुळे राग सगळा उरलेल्यावर निघतो, आणि मी तो आवरत नाही.

पुढच्या जूनमध्ये विल्हो दारात आला. एका हातात नळी, दुसऱ्या हातात डोक्यावरून काढलेली टोपी.

"तू बघ," तो म्हणाला.

"मी? तुला काय झालं? भिंग हरवलं?"

"भिंग आहे." तो पायरीकडे बघत राहिला. "कुंपणापाशी मिळाली. तिथे मिळालेली असली की मला सगळी पोटं पिवळी दिसतात."

अख्ख्या गावाला ज्याच्या डोळ्यांची दहशत, त्यानं हे मला सांगितलं. मला गंमत वाटायला हवी होती. ती वाटेना, म्हणून मी खेकसले, "दे इकडे."

आता दर उन्हाळ्यात हे चालतं. तो कुंपणापाशी जे मिळेल ते आणतो, मी भिंग लावते, ओन्नीचा ब्रश ओला करते. आतल्या आत मला वाटत असतं, राहू दे, एकदा तरी पिवळं राहू दे. त्याच्यापेक्षा मलाच जास्त वाटत असेल. ब्रश फिरवते. टोक पिवळं होतं. विल्हो टोपी हातात धरून उभा असतो, सभागृहात त्याच्या टेबलापुढे लोक उभे राहायचे तसा.

"नाही," मी सांगते. "पराग."

तो मान हलवतो, भुंगीला पायरीवर उन्हात ठेवतो आणि ती थरथरून उडेपर्यंत शेजारी बसून राहतो. मग उठून पुन्हा कुंपणाकडे जातो, आणि मी ब्रश धुऊन जागेवर ठेवते.